शेवटचा अंक

"पानस्करबाई, तुमच्या साताच्या घरात किती आले?"

"बासष्ट, सर."

मगदूम सर फळ्यावर साताचा खांब चढवू लागले. खांब वर वर जात राहिला, आखलेल्या रेघेच्याही बाहेर गेला. शेवटी सरांना टाचा उचलाव्या लागल्या. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"तिनाच्या?"

"एक्कावन्न."

"आणि पाचाच्या?"

"चार."

"शून्याच्या?"

"सहा."

सरांचा हात थांबला. पाच आणि शून्य या अंकांवर त्यांनी बोटभर उंचीचे दोन ठोकळे काढले आणि दोन पावलं मागे सरून फळ्याकडे बघत राहिले. भोईटे नावाचे एसटी कंडक्टर माझ्या शेजारच्या रांगेत बसायचे. ते मोठ्यानं म्हणाले, "बाईंच्या पोरांना पाचाचं वावडं हाय वाटतं!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. सर हसले नाहीत.

हा रविवारचा वर्ग. तालुक्याच्या गावच्या कॉलेजात मुक्त शिक्षणाचं केंद्र होतं. नोकरी आणि घर सांभाळून बी.ए. करणारी आम्ही बावीस माणसं दर रविवारी सकाळी तिथं जमायचो. पहिल्या वर्षाला 'सर्वांसाठी गणित' नावाचा विषय सक्तीचा होता. टक्केवारी, सरासरी, आलेख आणि थोडी शक्यता. ज्यांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला, अशांसाठीच तो काढला होता. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. दहावीला गणितात दुसऱ्या खेपेला पस्तीस मिळवून सुटले होते. आमच्या डोंगरातल्या गावात मी अंगणवाडी सेविका होते. पदवी हातात आली की पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी माझं नाव पुढे जाणार होतं. ते नाव तात्पुरत्या यादीत लागलंही होतं. तेवढ्यासाठी मी दर रविवारी पहाटे उठून घरचं आवरून पहिली गाडी पकडायची.

त्या आठवड्यात सरांनी सांगितलं होतं की प्रत्येकानं आपल्या कामातले दोनशेच्या वर आकडे आणायचे आणि प्रत्येक आकड्याचा फक्त शेवटचा अंक मोजायचा. शून्य किती वेळा आलं, एक किती वेळा, दोन किती वेळा. भोईट्यांनी स्टँडवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपून आणले होते. त्यांचे दहा खांब फळ्यावर विटांच्या थरासारखे जवळजवळ एका उंचीत आले. सर म्हणाले, "बघा, गाडीच्या नंबराला शेवटी तीनच यावा किंवा सातच यावा असं काही कारण नाही. म्हणून सगळे सारखे येतात."

मी आणले होते माझ्या अंगणवाडीतल्या त्रेचाळीस मुलांच्या वजनांचे आकडे. सहा महिन्यांचे, दोनशे अठ्ठावन्न. एखादं मूल नऊ किलो सातशे ग्रॅम असलं तर त्याचा शेवटचा अंक सात. वजनवही माझ्या पिशवीत कायम असायची, शोधाशोध करायची गरज नव्हती. उलट बाकीच्यांपेक्षा माझे आकडे भारी, असं मला वाटलेलं.

सरांनी फळा पुसला. "ठीक आहे. पुढचे कोण?"

तास संपला. मी वही पिशवीत कोंबून दाराकडे निघाले, कारण दुपारची गाडी चुकली तर पुढची चार वाजता होती.

"बाई, एक मिनिट."

मगदूम सर निवृत्तीला आलेले, बारीक अंगाचे गृहस्थ होते. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातातल्या खडूकडे बघायचे.

"तुम्ही वजन कशावर करता?"

"झोळीचा काटा असतो, सर. स्प्रिंगचा. आढ्याला अडकवायचा, मुलाला झोळीत ठेवायचं, काटा थांबला की वाचायचं."

"त्यावर रेघा कशा असतात?"

"शंभर शंभर ग्रॅमच्या बारीक. अर्ध्या किलोची मोठी आणि किलोची त्याहून मोठी."

"हं." सरांनी खडू बोटांत फिरवला. "हलत्या काट्यावरचा आकडा माणूस वाचतो ना, तेव्हा डोळा मोठ्या रेघेकडे ओढला जातो. म्हणजे अशा आकड्यांत शून्य आणि पाच जरा जास्तच सापडायला हवेत. तुमच्यात ते नाहीतच म्हटलं तरी चालेल."

मी पिशवीचे बंद सारखे केले.

"हे आकडे काट्यावर वाचलेले आहेत ना, बाई?"

"हो सर," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी खडू खिशात टाकला. "मला तुमच्या कामातलं काही कळत नाही. पुढच्या रविवारी आणखी आणा. ताजे आणा. एवढंच."

ते आकडे काट्यावरचे नव्हते.

आमच्या काट्याची स्प्रिंग सात महिन्यांपूर्वी सैल झाली होती. झोळी रिकामी असली तरी काटा दोन किलोवर जाऊन बसायचा, आणि मूल ठेवलं की मध्येच अडकायचा. मी दोनदा लेखी कळवलं. नवा काटा आला नाही, पण दर महिन्याचा अहवाल मात्र वेळेवर जायलाच हवा होता. पहिल्या महिन्यात मी खालच्या गावचा काटा मागून आणला आणि फक्त झोरेवस्तीवरच्या सहा मुलांची वजनं मनानं लिहिली, कारण ती वस्ती दीड तासाच्या चढावर. पुढच्या महिन्यात सगळ्यांचीच लिहिली. मागच्या महिन्याच्या आकड्यात कुणाला शंभर ग्रॅम वाढवायचे, कुणाला दोनशे, एखाद्याला आहे तेवढंच ठेवायचं. शून्य आणि पाच मी मुद्दाम टाळायची. गोल आकडा खोटा दिसतो असं मला वाटायचं.

गाडीत भोईटेच ड्यूटीवर होते. तिकीट फाडता फाडता म्हणाले, "काय बाई, सरांनी थांबवून घेतलं? नापास करत्यात का काय?"

"नाही हो."

"मग तोंड का असं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. खरं म्हणजे मला राग आला होता. एवढे सहा महिने ते आकडे आमच्या पर्यवेक्षिका निकम मॅडमनी तपासले, त्यांच्या वरच्यांनी सह्या केल्या, कुणाला काही दिसलं नाही. आणि या माणसाला एकही मूल न बघता, गाव न बघता नुसत्या शेवटच्या अंकावरून कळलं. वाटेत दोनदा मी पिशवीवर हात ठेवून वही आत आहे ना ते बघितलं, जणू ती बाहेर पडून कुणाला काही सांगणार होती.

सोमवारी अंगणवाडीत माझं कशात लक्ष लागेना. मुलं गाणं म्हणत होती, मी मध्येच थांबायची. आमची मदतनीस हौसाबाई खिचडी ढवळता ढवळता म्हणाली, "बाई, आज बूड टेकत न्हाई तुमचं. ताप हाय का?"

"नाही. काम आहे."

मंगळवारी मुलं घरी गेल्यावर मी वही काढून बसले. ताजे आकडे न्यायचे होते, आणि आता ते कसे असायला हवेत हे सरांनीच मला सांगून ठेवलं होतं. शून्य आणि पाच जरा जास्त, बाकीचे विखुरलेले. मी कच्च्या कागदावर दहा घरं आखली आणि एकेक आकडा लिहिला की त्या त्या घरात रेघ ओढू लागले. पहिली वीस-बावीस नावं भराभर झाली. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती, इतके ते आकडे खऱ्यासारखे दिसत होते.

मग झोरेवस्ती आली. माया बिरू झोरे, वय दोन वर्षं. मागचं वजन नऊ किलो सातशे. आता नऊ किलो आठशे लिहावं का सरळ दहा? शून्याच्या घरात अजून जागा होती. मी दहा लिहायला पेन टेकवलं आणि मला त्या पोरीचं तोंड आठवेना.

तिची आई आठवली. बना. अडीच महिन्यांपूर्वी ती मायाला शालीत गुंडाळून, कडेवर घेऊन एवढा डोंगर उतरून आली होती. "बाई, ही खाईना झालीय. नुसती कण्हती," म्हणाली. त्या वेळी मुलांची पंगत बसली होती, मी घाईत होते. मी ती शाल उघडली नाही. मी वही उघडली. नऊ किलो तीनशे. मागच्याहून दोनशे ग्रॅम जास्त. "अगं, वजन वाढतंय तिचं, दात येत असतील," मी म्हणाले. "काळजी करू नकोस." बनाचा चेहरा एकदम सैल झाला. ती हसली आणि आली तशी डोंगर चढून गेली.

तो नऊ किलो तीनशेचा आकडा मीच लिहिलेला होता, मनानं. आणि तोच वाचून मी तिला धीर दिला होता. त्या क्षणी मला तो खराच वाटला होता, हे मी आजही कुणाला समजावून सांगू शकत नाही.

मी पेन ठेवलं. खालच्या गावातल्या सेविकेकडे तासाभरात जाऊन तिचा काटा मागून आणला. किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप झोळीत ठेवून बघितलं. काटा बरोबर पाचावर उभा राहिला. मग दोन किलोचं ठेवलं. दोनावर. दुकानदार म्हणाला, "बाई, काय विकायला काढलं?" मी मापं परत केली आणि काटा पिशवीत टाकला.

बुधवारी हौसाबाईवर मुलं सोपवून मी सकाळीच वस्तीची वाट धरली. वाटेत मी दम खायला थांबले नाही. मनाशी सारखं म्हणत होते, बरी असेल, चुलीपाशी खेळत असेल, मला बघून आत पळेल.

बना गोठ्यात शेण काढत होती. मला बघून तिनं हात धुतले, पदर सारखा केला. "बाई? एवढ्या लांब कशाला आला?"

"माया कुठाय?"

"आत हाय. निजलीय. निजूनच असती आता."

आत वाकळीवर माया पडली होती. मी शाल बाजूला केली. छातीच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि दंड माझ्या दोन बोटांच्या कडीत मावला असता. तिनं डोळे उघडले, रडली नाही. लहान मूल परक्या हातात गेल्यावर रडत नाही तेव्हा काय समजायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं.

आढ्याला काटा अडकवला. झोळीत तिला ठेवलं. काटा थोडा हलला आणि थांबला. मी खाली वाकून वाचला, मग पुन्हा वाचला.

सात किलो दोनशे.

"किती भरली?" बनानं विचारलं.

"बना, आत्ताच्या आत्ता हिला दवाखान्यात न्यायचं. चादर घे, निघ."

"का? गेल्या खेपेला तर तुमी म्हणला..."

"निघ आधी."

तिचा नवरा मेंढरं घेऊन देशावर गेला होता. सासूला सांगून आम्ही दोघी निघालो. उतारावर मायाला आळीपाळीनं घेतलं. माझ्या खांद्यावर होती तेव्हा तिचं वजनच लागत नव्हतं. खाली रस्त्यावर माणसं भरून नेणारी वडापची जीप मिळाली. जीपमध्ये बना एकदाच बोलली. "बाई, तुमी हायसा म्हणून बरं."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी मायाला तपासलं, कातडी चिमटीत धरून बघितली, आणि माझ्याकडे हात केला. "वाढीचं कार्ड?"

मी कार्ड दिलं. त्यावर माझ्या अक्षरातले ठिपके होते, एका पाठोपाठ एक, हिरव्या पट्ट्यातून वर चढत जाणारे.

"हे काय? तीन आठवड्यांपूर्वी नऊ सातशे आणि आज सात दोनशे? अडीच किलो गेलं? तीन आठवड्यांत?" त्या बनाकडे वळल्या. "जुलाब कधीपासून आहेत?"

"जुलाब न्हाईत."

"उलट्या?"

"न्हाई. खातच न्हाई. दोन-अडीच म्हयनं झालं."

"अडीच महिने नाही, बाई. तीन आठवड्यांपूर्वी चांगली होती ही. नीट आठवा. जुलाब झालेच असणार, त्याशिवाय एवढं पाणी जात नाही."

"न्हाई वो. म्या आय हाय, मला ठावं न्हाई का?"

"कार्डावर लिहिलंय ना सगळं." डॉक्टरीणबाई सिस्टरला म्हणाल्या, "सलाइन लावा. जरा जोरात सोडा."

सिस्टर बाटली आणायला वळली. महिन्यांमागून महिने वाळत गेलेल्या मुलाला भराभर सलाइन द्यायची नसते, त्याचं हृदय ते पेलत नाही, हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. मी बनाकडे बघितलं. ती कार्डाकडे बघत होती, तिला वाचता येत नव्हतं. डॉक्टर आपलं का ऐकत नाहीत, त्या कागदात असं काय आहे, हे तिला कळत नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले. "मॅडम, ते खोटं आहे."

"काय खोटं?"

"कार्ड. ते आकडे मी मनानं लिहिलेत. सहा-सात महिने मी हिला काट्यावर घातलेलंच नाही. तिची आई सांगतेय तेच खरं आहे."

सिस्टर बाटली हातात धरून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मला वाटतं दोनेक सेकंदच. मग म्हणाल्या, "सिस्टर, थांबा. सलाइन नको." त्यांनी खुर्ची ओढली, बनाच्या समोर बसल्या आणि कार्ड उपडं करून टेबलावर ठेवलं. "आता तू सांग, बाळा. पहिल्यापासून. कधीपासून खात नाही?"

बनानं सांगितलं. खोकला कधी सुरू झाला, संध्याकाळी अंग कसं तापतं, सासऱ्याला कसला खोकला आहे, सगळं. तिला महिना, वार, सगळं पाठ होतं. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

मायाला छातीचा क्षय निघाला. त्याच दिवशी तिला दाखल करून घेतलं.

व्हरांड्यात बना माझ्याजवळ आली. मला वाटलं, ओरडेल. तिनं ओरडायला हवं होतं.

"म्या इचारलं व्हतं तुमास्नी," ती म्हणाली.

"हो."

"तुमी वही बगून सांगिटलं व्हतं."

"हो, बना."

"मग वहीत काय बगितलं तुमी?"

ती थोडा वेळ उभी राहिली, उत्तराची वाट बघत. मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी निकम मॅडम गावात आल्या. त्यांच्याकडे अठ्ठावीस अंगणवाड्या होत्या, वर्षातून दोनदा त्यांचं दर्शन व्हायचं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"पानस्कर, मला डॉक्टरांचा फोन आला होता. मी त्यांच्याशी बोलते. तुम्ही काही लेखी देऊ नका."

"मॅडम, वही चुकीची आहे. सगळीच."

"मग दुरुस्त करा ना. एकदम नाही. दर महिन्याला थोडं थोडं खाली आणायचं. चार महिन्यांत खऱ्याला येऊन मिळतं. कुणाच्या डोळ्यावर येत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही एकट्याच आहात असं वाटतं का तुम्हाला? आणि यादीत नाव आहे तुमचं. दोन वर्षांनी माझ्या शेजारी खुर्ची असेल तुमची."

हे सगळं त्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं. मी मान डोलावली. त्या गेल्यावर मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठं जायचं ते कळत नव्हतं. खुर्ची डोळ्यांसमोर येत होती हे मी लपवणार नाही. पण थोडं थोडं खाली आणायचं म्हणजे पुन्हा तेच, पुन्हा मायाच्या नावापुढे तिच्या अंगात नसलेला आकडा.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी मागून आणलेल्या काट्यावर राहिलेली बेचाळीस मुलं घातली. हौसाबाई झोळी धरायची, मी वाचायची आणि लिहायची. माया धरून पाच मुलं लाल पट्ट्यात, म्हणजे अतिशय कमी वजनाची निघाली. नव्या आकड्यांसोबत मी दोन पानी पत्र लिहिलं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत काय केलं ते, आणि शनिवारी टपालात टाकलं. मी शूर आहे म्हणून नव्हे. कुठंतरी लिहून टाकल्याशिवाय मला एका जागी बसवत नव्हतं, एवढंच.

रविवारी वर्ग सुटल्यावर मी सरांसमोर कागद ठेवला. "ताजे आकडे, सर."

सरांनी खुर्चीवर बसून एकेक अंक मोजला. त्रेचाळीसमध्ये दहा शून्यं होती आणि आठ पाच. त्यांनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदा ते खडूकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"मागचे खोटे होते," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. मायाचं, कार्डाचं, सलाइनचं.

सरांनी कागद घडी घालून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला गेल्या रविवारीच कळलं होतं. शंका नव्हती. पण जाणती बाई, तोंडावर कसं विचारायचं, म्हणून मी गुळमुळीत बोललो. त्या पोरीचे तीन दिवस माझ्याकडेही आहेत."

"तुमचा काय दोष, सर?"

"असू दे," ते म्हणाले. "मी माझं बघतो."

माया पाच आठवडे दवाखान्यात होती. वाचली. मला तीन महिने घरी बसवलं, चौकशी झाली, आणि यादीतून नाव गेलं ते गेलंच. गणितात मला एकसष्ट मिळाले. पुढे बी.ए.ही झाले. पर्यवेक्षिका मात्र कधी झाले नाही. या सगळ्याला आता पंचवीस वर्षं होतील. त्याच अंगणवाडीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

मी कामावर परत आले त्या महिन्याच्या वजनाच्या दिवशी बना मायाला घेऊन आली. अंगणवाडीत दहा-बारा बाया बसलेल्या होत्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. बना कुणाशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर मी मायाला घ्यायला हात पुढे केले. तिनं दिली नाही. स्वतःच झोळीत ठेवली.

नवा काटा आला होता. तो हलून थांबला. मी वाकले.

"थांबा," बना म्हणाली. "ह्यो काटा कसा वाचायचा त्ये मला दावा आधी."

मी दाखवलं. ही मोठी रेघ म्हणजे एक किलो, ही मधली म्हणजे अर्धा, या बारीक शंभर शंभर ग्रॅमच्या. तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं. बोट काचेला लावून खालपासून मोठ्या रेघा मोजल्या, मग बारीक. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. माया झोळीत पाय हलवत होती.

"आठ," बना म्हणाली, "आन् वर चार बारक्या."

"आठ किलो चारशे," मी म्हणाले आणि वहीत लिहिलं.

तिनं वही माझ्या हातातून घेतली. अक्षर येत नसलेली ती बाई त्या दोन अंकांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग वही मागच्या बाईकडे दिली, जिची पोरगी सातवीपर्यंत शिकलेली होती आणि सोबत आली होती.

"वाच गं," बना त्या पोरीला म्हणाली. "बाईंनी काय लिवलंय त्ये मोठ्यानं वाच."